अनुभवींचा शेरा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून आपला स्वतःचा सर्व्हर! इतकी वर्षं ऑफिसचा सगळा कोड परक्यांच्या मशीनवर पडून होता, पाहुण्यांच्या घरी सामान ठेवल्यासारखा. आता आपल्याच गोडाऊनमध्ये, मोडक्या खुर्च्या आणि फरशी पुसायची बादली यांच्या मधोमध. शनिवार-रविवार खपून मी एकट्याने बसवला. मॅडमनी विचारलं, चालू राहील ना? म्हटलं, मी आहे तोवर चालेल. मॅडम म्हणजे मालकीण. कंपनी त्यांची, चालवतो मी. हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलून दाखवत नाही इतकंच.

बाकीच्या आठही जणांना जमवून नियम सांगितला. यापुढे मेन कोडला कोणीही परस्पर हात लावायचा नाही. बदल केला की पुल रिक्वेस्ट टाकायची, म्हणजे 'माझा बदल आत घ्या' अशी रीतसर विनंती. दुसऱ्या कोणीतरी ती वाचायची, अप्रूव्ह करायची, मगच मर्ज, म्हणजे मेन कोडमध्ये सामील. माणूस कितीही सीनियर असो. टीममधल्या ताईंनी विचारलं, सर, तुम्हालाही लागू? म्हटलं, मला सगळ्यात आधी!

टाळ्या पडल्या. दोन.

संकल्प : रोज सकाळी एक तास इतरांचा कोड वाचणे. उद्यापासून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोड वाचला नाही. स्वतःची पुल रिक्वेस्ट टाकायची होती. सात महिन्यांचं काम, ११,४०० ओळी. शीर्षक दिलं : 'दारात किरकोळ सुधारणा'. विनम्रपणा अंगातच असावा लागतो.

आम्ही आपोआप उघडणारी दारं करतो. जगातल्या सगळ्या आपोआप दारांत एकच खोट. समोरून कोणीही गेलं की उघडतात. रस्त्याने चाललेला माणूस, कुत्रं, वाऱ्याने उडालेली पिशवी. दार उघडं, आतली गार हवा बाहेर. माझं दार आधी विचार करतं. माणसाची चाल बघतं, वेग बघतं, खांदे बघतं आणि ठरवतं की याला खरोखर आत यायचंय का. याला मी 'इरादा' असं नाव दिलंय. इरादा साठ टक्क्यांच्या वर असेल तर दार उघडणार, नाहीतर नाही. असं जगात कोणी केलेलं नाही. शोधून पाहिलं नाही, पण असतं तर माझ्या कानावर आलं असतं.

ऑफिसचं पुढचं दार मेन कोडवरच चालतं. म्हणजे इकडे मर्ज झालं की तिकडे त्याच मिनिटाला आपलं दार शहाणं. संध्याकाळपर्यंत होईल.

संध्याकाळी ६. झालं नाही. लोक वाचत असतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कोणीही वाचत नाहीये. म्यूटला विचारलं. म्यूट म्हणजे आमचा टेस्टिंगवाला. इतक्या हळू बोलतो की खरं नाव विचारून आम्ही दोन वर्षांपूर्वीच हात टेकले. तो काहीतरी म्हणाला. मी होकार समजलो. चेहऱ्यावरून नसावा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईंनी वाचली. ताई चार महिन्यांपूर्वी आल्या. आधी हॉस्पिटलच्या मशिनांचं सॉफ्टवेअर करायच्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. एकसष्ट कमेंट टाकल्यात. प्रत्येकीची सुरुवात 'सर, एक शंका'. एक म्हणे!

पहिली शंका अशी : "माणूस दाराच्या अगदी मधोमध असताना त्याचा इरादा कमी झाला, तर दार काय करेल?"

उत्तर लिहिलं, 'माणसाने मधोमध इरादा बदलू नये.' पुसलं. मग लिहिलं, 'असं होत नाही.' उरलेल्या साठ शंकांना नुसता अंगठा दिला. उठून चहा घेतला. आल्यावर बघतो तर बासष्टावी : "सर, अंगठा म्हणजे काय समजू?"

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमकडे गेलो. म्हटलं, अशाने कंपनी पुढे कशी जाणार? मॅडम म्हणाल्या, नियम तुमचाच आहे. म्हटलं, नियम इतरांना वळण लागावं म्हणून असतो. त्या म्हणाल्या, ताईंचं समाधान करा आणि घ्या आत.

घरी बायकोला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, हाडं मोडून आलेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. म्हणाली, मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय आहे? घरातही रिव्ह्यू. ताटावरून उठणार होतो, पण भूक होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मार्ग निघाला.

सर्व्हरचा अ‍ॅडमिन मी. नवीन खातं उघडायला अर्धं मिनिट लागतं. उघडलं. नाव दिलं 'अनुभवी'. फोटो एका डोंगराचा. यात लबाडी काही नाही. दुसऱ्या कोणीतरी वाचावं असा नियम आहे. दुसरा म्हणजे कोण, हे नियमात नाही. नियम मीच लिहिलाय, मला माहीत असणार.

ऑफिसमध्ये कोणी डोकावेल म्हणून लॅपटॉप घेऊन गोडाऊनमध्ये गेलो, बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आणि अनुभवी या नात्याने ११,४०० ओळी चार मिनिटांत वाचल्या. शेरा लिहिला : "अप्रतिम काम. अशी माणसं आता राहिली नाहीत." अप्रूव्ह. मर्ज. दुपारचे १२.४०.

परत जागेवर येऊन शेरा वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. इतकं मनापासून कौतुक अपेक्षित नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऐतिहासिक दिवस. दाराच्या वर छोटा स्क्रीन लावला, त्यावर येणाऱ्याच्या इराद्याचा आकडा दिसतो. दारं बसवणारा फिटर आला, ९७. दार खाडकन उघडलं. मॅडम ९४. इतक्या खूश झाल्या की तीनदा बाहेर जाऊन आत आल्या. ताई ८१.

म्यूट १९. चाळीस मिनिटं बाहेर उभा होता. शेवटी गोडाऊनच्या मागच्या दाराने आला. त्याच्या भल्यासाठीच आहे हे. माणसाने ठाम व्हायला शिकलं पाहिजे.

मी १२.

सेन्सरवर धूळ असणार. स्टूल घेऊन स्वतः पुसला. पुन्हा गेलो. ११.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कुरियरवाला हुशार निघाला. फाटकापासून धावत येतो, ८८ मिळवतो, पाकीट देतो, धावत जातो. मॅडमनी सगळ्यांचे आकडे कागदावर छापून पाण्याच्या कूलरजवळ लावले. म्हणाल्या, एका हॉस्पिटलच्या ऑर्डरसाठी हेच दार दाखवू. सकाळी मी फिटरच्या पाठोपाठ आत आलो. अगदी पाठोपाठ. त्याने मागे वळून पाहिलं.

दुपारी ३. ताईंनी थेट अनुभवींना लिहिलंय! "नमस्कार. ही पुल रिक्वेस्ट आपण अप्रूव्ह केलीत. माझ्या पहिल्या शंकेबद्दल आपलं मत कळेल का?" ही बाई कोणालाही सोडत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार विचार केला. अनुभवींनी पुन्हा माझी स्तुती केली तर संशय येईल. माणूस निःपक्षपाती वाटायला हवा. त्यासाठी कोड खरोखर वाचणं आलं. बादलीवर बसून तीन तास वाचला. सात महिन्यांत पहिल्यांदा सलग वाचला. मग अनुभवींच्या खात्यावरून लिहिलं :

"शंका रास्त आहे. माणूस मधोमध असताना इरादा साठच्या खाली गेला तर दार बंद होऊ लागेल. हे मी आधीच पाहायला हवं होतं, चूक माझी. लेखकाने कृपया दुरुस्ती करावी, ही विनंती."

छोटं, सुसंस्कृत, मुद्द्याचं. पाठवलं. समाधानाने जागेवर आलो, माझ्या खात्यावरून वाचलं आणि अंगाची लाही लाही झाली. लेखकाने दुरुस्ती करावी? परवा हाच माणूस अप्रतिम म्हणत होता! ऑफिसात कधी पाय ठेवला नाही आणि चारचौघांत मला शिकवतो.

मॅडम शेरा मोठ्याने वाचत हॉलभर फिरल्या. म्हणाल्या, "या ऑफिसात 'चूक माझी' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्ती करणार नाही. दोन ओळींचं काम आहे, प्रश्न कामाचा नाही, पद्धतीचा आहे. सगळ्यांसमोर लिहायची गरज नव्हती. आधी मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी विचारलं, हे अनुभवी कोण? म्हटलं, जुनी ओळख आहे, फार मोठा माणूस, डोंगरात राहतो, कोणाला भेटत नाही. मॅडम म्हणाल्या, तुमची अशीही ओळख असेल असं वाटलं नव्हतं. कौतुकच समजायचं.

आता सगळे आपापल्या पुल रिक्वेस्ट अनुभवींना पाठवायला लागलेत. पहिला म्यूट. आणि काय लिहितो हा माणूस! बोलताना तोंडातून अक्षर फुटत नाही, लिहिताना तीन पानं, अधूनमधून विनोद. दार थंडीत करकरतं त्यावर त्याने उपाय काढलाय. चांगला आहे. दोन वर्षं बहुधा हेच सांगत होता. अनुभवींनी त्याला सविस्तर उत्तर दिलं, दोन सूचना केल्या, शेवटी लिहिलं, 'तुमचं निरीक्षण फार बारीक आहे.' म्यूट संध्याकाळी शीळ घालत गेला. गोडाऊनच्या दाराने, पण शीळ घालत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अनुभवींना आज पाच पुल रिक्वेस्ट. सकाळी एक तास, दुपारी दीड तास त्यांच्यातच गेला. माझी स्वतःची कामं जिथल्या तिथे. जेवायची सुट्टी बादलीवर. कमरेत उसण. आणि नाव कोणाचं होतंय? त्यांचं.

संकल्प : सोमवारपासून अनुभवींना फक्त अर्धा तास द्यायचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

महिन्याची मीटिंग. पंधरा मिनिटं अनुभवीपुराण. कसे नेमके लिहितात, कसा धीर देतात, चूक कशी सांगतात की माणसाला लागत नाही. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, शिकण्यासारखं आहे. मला राहवलं नाही. म्हटलं, त्यांच्यातही दोष असतील. देवमाणसाबद्दल वाईट बोलल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

अर्धा तास जमलं नाही. तीन तास झाले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बायको मला न्यायला आली. दार दाखवावं म्हणून मी तिला आणायला बाहेर गेलो. तिच्याकडे बघून दाराने ९६ दाखवले, एका दमात आत. मी मागून. १२. काचेपलीकडून ती मला निरखत उभी. शेवटी आतून फिटरने दारासमोर उडी मारली, दार उघडलं.

वाटेत म्हणाली, तुला कळलं का तुझं काय होतं ते? चांगला चालत येतोस, दारापाशी आलास की काचेत स्वतःला बघायला थांबतोस. केस नीट करतोस. पोट आत घेतोस. मग दाराला वाटतं, हा आरशासमोर उभा आहे, याला आत नाही जायचं.

साफ चूक. मी काचेची लेव्हल तपासत असतो.

मग विचारते, अनुभवी काय म्हणतात? त्यांचे शेरे मी नाश्त्याच्या वेळी वाचून दाखवतो, तिला आवडतात. म्हणाली, एकदा जेवायला बोलाव ना त्यांना, घरात जरा शांत माणूस येईल. म्हटलं, ते कुठे जात नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. ५ मार्चला हॉस्पिटलची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य, दार बघायला येणार. चाळीस दारांची ऑर्डर आहे. ती मिळाली तर वर्षभर कसली काळजी नको, नाहीतर नऊतले चार जण कमी करावे लागतील. हे मला माहीत नव्हतं. कोणते चार ते विचारलं नाही.

पुढे म्हणाल्या, दारांचा सगळा विभाग अनुभवींच्या हाती द्यायचं ठरवलंय. सध्या तो विभाग म्हणजे मी. "तुम्ही त्यांच्या हाताखाली मोकळ्या मनाने काम कराल ना?"

म्हटलं, ते येणार नाहीत.

"तुम्ही समजावा. तुमचं ऐकतील."

म्हटलं, ते माझं कधीच ऐकत नाहीत. हे मात्र शंभर टक्के खरं बोललो. मीही त्यांचं ऐकत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय झाला. अनुभवींनी जायचं.

त्यांच्या खात्यावरून निरोपाचं पत्र लिहिलं. दोन ओळींत आटोपणार होतो, पण त्यांना तसं तुटक जमत नाही. प्रत्येकासाठी एकेक वाक्य आलं. म्यूटला लिहिलं, 'तुमचा आवाज लहान नाही, आमचे कान आखूड आहेत.' ताईंना लिहिलं, 'तुम्ही शंका विचारता म्हणून आम्ही सावध राहतो.' माझ्याविषयीही लिहिलं, 'लेखकावर राग धरू नका. माणूस वाईट नाही, घाईत असतो.' हे कुठून सुचलं कळत नाही. पाठवून टाकलं.

३ मार्च, सोमवार

सगळं अंगाशी आलं. ऑफिसात कोणी धड काम करत नाहीये. फिटरने पत्राची प्रिंट काढून खिशात ठेवलीय. म्यूट माझ्या टेबलापाशी आला आणि स्पष्ट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, हे बरोबर नाही." सगळ्यांची खात्री आहे की मीच त्यांना घालवलं. जेवायला कोणी शेजारी बसलं नाही.

मॅडमनी अनुभवींना उत्तर पाठवलंय : राजीनामा नामंजूर. पाच तारखेला अकरा वाजता प्रत्यक्ष यावं, मेट्रनला तुम्हीच दार दाखवायचं. एक खुर्चीही मागवलीय, मऊ. माझ्या खुर्चीचा एक हात गेली तीन वर्षं तुटलेला आहे.

४ मार्च, मंगळवार

ताई टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, सर, अनुभवींनी सांगितलेली दुरुस्ती अजून झालेली नाही. उद्या डेमो आहे. मी करू का?

म्हटलं, तो त्यांच्या-माझ्यातला विषय आहे.

"सर, उद्या दारात खरी माणसं उभी राहणार आहेत."

म्हटलं, करतो संध्याकाळी. ताई गेल्या. जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी ५. बसलो. त्यांचा शेरा उघडला. 'कृपया' हा शब्द नीट वाचला. त्यात टोमणा आहे, आता स्पष्ट दिसतो. फाइल बंद केली. उद्या सकाळी लवकर येऊन करेन, ताज्या डोक्याने. दोन तर ओळी आहेत.

५ मार्च, बुधवार, सकाळी १०.४०

लवकर आलो होतो. दाराने आत घेतलं नाही. गोडाऊनला आतून कडी. फिटर साडेदहाला आला. दुरुस्तीला वेळ उरला नाही. याला मी काय करणार?

दुपारी ३

आठवतंय तोवर लिहून काढतो.

मेट्रन अकराला आल्या. पन्नाशीच्या, गुडघे दुखणारे, हातात फाइल. सावकाश चालत दारासमोर उभ्या राहिल्या. स्क्रीनवर ९. मॅडम आतून हातवारे करतायत, या, या! मेट्रन मागे सरकल्या, पुन्हा आल्या. ८. तेवढ्यात बाहेरून म्यूट आला. तीन आठवडे गुपचूप सराव करत होता म्हणे. ६४! दार उघडलं, तो आत, त्याच्या मागे मेट्रन. आणि बरोबर मधोमध थांबून त्यांनी वर स्क्रीनकडे पाहिलं, हा आकडा कसला म्हणून.

दार बंद व्हायला लागलं. सावकाश, अदबीने. दोन्ही बाजूंनी येऊन त्यांच्या खांद्यांना टेकलं आणि तिथेच थांबलं. लागलं काही नाही, पण हलताही येईना. आकडा ७. मग ६. तो जसा उतरे तसं दार आणखी थोडं आवळे.

मॅडम ओरडल्या, "इरादा धरा! मनापासून आत या!"

मेट्रन म्हणाल्या, "बाई, तीस वर्षं हॉस्पिटलात आहे मी. आमच्या दारातून मनापासून आत कोणीही येत नाही."

फिटर दाराला लोंबकळला. म्यूट ओरडला, प्लग! ताई धावल्या, भिंतीतला प्लग खेचला, दार सैल पडलं. चार मिनिटांचा प्रकार. मला तास वाटला. मी हललो नव्हतो. मी तिथे नुसता उभा होतो.

मेट्रनना मऊ खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मॅडमचा चेहरा लाल. म्हणाल्या, "हे पास कोणी केलं होतं?" मग स्वतःच म्हणाल्या, "अनुभवींनी. एवढा विश्वास टाकला मी. आज तोंड दाखवायलाही आले नाहीत. पळपुटा माणूस!"

रस्ता मोकळा होता. नुसतं 'मी आधीपासून सांगत होतो' म्हणायचं, की सुटलो. तोंड उघडलंही त्यासाठीच. बाहेर भलतंच आलं.

"त्यांना काही बोलू नका."

सगळे माझ्याकडे वळले.

म्हटलं, "त्यांनी चूक कबूल केली होती. दुरुस्ती कुठे करायची तेही लिहिलं होतं. लेखकाने केली नाही. पंधरा दिवस फुगून बसला."

"लेखक तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"हो. आणि तेही मीच."

मेट्रननी ग्लास खाली ठेवला, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे नक्की किती लोक कामाला आहेत?"

६ मार्च, गुरुवार

मॅडमनी सगळ्यांसमोर ताईंना विचारलं, तुला माहीत होतं? ताई म्हणाल्या, दुसऱ्या आठवड्यापासून. मोडकी खुर्ची दुरुस्तीला द्यायची म्हणून गोडाऊनमध्ये गेले होते. सर बादलीवर बसून टाइप करत होते. टाइप करताना मोठ्याने म्हणतात.

"मग बोलली का नाहीस?"

"अनुभवी काम फार चांगलं करत होते. बोलले असते तर ते गेले असते."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

आश्चर्य म्हणजे मेट्रनचं पत्र आलं. चाळीस दारं हवीत. अट एक : साधी हवीत, जो समोर येईल त्याच्यासाठी उघडणारी. म्यूटचा न करकरणारा भाग बसवून. अट दोन : प्रत्येक दार अनुभवींनी तपासलेलं असावं. त्यांचे सगळे शेरे मॅडमनी आधीच वाचायला पाठवले होते. 'ते कोण आहेत आणि कुठे बसतात, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही,' असं लिहिलंय.

कोणालाही कमी करणार नाहीत. चार सोडा, एकालाही.

७ मार्च, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, एका माणसाची दोन खाती चालणार नाहीत. कुठलं ठेवायचं, हात वर करा. आठ विरुद्ध शून्य. मी तटस्थ राहिलो, तत्त्व म्हणून. माझं खातं आज दुपारी चारला बंद झालं. बंद मलाच करावं लागलं, अ‍ॅडमिन मी ना. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं सर्व्हरने दोनदा विचारलं. इतक्या आपुलकीने या ऑफिसात कोणी विचारलेलं नाही.

एकंदरीत पाहता वाईट झालं नाही. दारांच्या विभागावर शेवटी माझाच माणूस बसला.

१० मार्च, सोमवार

अनुभवींची पहिली पुल रिक्वेस्ट टाकली. ११,४०० ओळी काढून टाकल्या. नवीन काही घातलं नाही. कारणात लिहिलं, 'दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून.' ताईंनी सलग दोन तास वाचली. एकही शंका नाही. अप्रूव्ह. मर्ज.

खाली त्यांची कमेंट : "अनुभवी, मनापासून आभार. सरांनाही कळवा."

कळवलं. अजून काही बोललेले नाहीत.